लाल पट्ट्याची काठी

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस सोन्याचा. आधी लिहून काढते, पाय नंतर चेपेन.

सकाळी सहाच्या बसने अभयारण्यात गेले. निघताना हे अंथरुणातूनच म्हणाले, "चौतीस वर्षं दवाखान्यात कधी वेळेवर पोचली नाहीस. पाखरं काय हजेरी घेतात का?" मी उत्तर दिलं नाही. निवृत्त नवऱ्याच्या तोंडी लागायचं नाही, हा माझ्या निवृत्तीनंतरचा पहिला नियम.

जागा तशी साधी. एका बाजूला समुद्र, मध्ये मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या आत उथळ पाण्याची तळी. बांधात एक लोखंडी दार आहे. त्यावरचं चाक फिरवलं की दार उचलतं आणि भरतीचं पाणी तळ्यांत येतं. हे चाक फिरवणारे ते भरतीमामा. खरं नाव कोणी घेत नाही. किती वाजले विचारलं की भरतीला किती वेळ आहे ते सांगतात, म्हणून भरतीमामा. बावीस वर्षं त्या चाकापाशी आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओळखलं होतं. "ताई, माझा जन्मात एकच फोटो चांगला आलाय, तोही तुम्ही काढलेला." मनगट मोडलं होतं तेव्हाचा एक्स-रे!

अभयारण्याच्या साहेबांनी नव्या माहिती केंद्राच्या भिंतीसाठी हौशी लोकांकडून फोटो मागवले आहेत. दोन वर्षं मी हा कॅमेरा गळ्यात घालून हिंडतेय, पण दोरीच्या अलीकडून घेतलेले फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. दोरीच्या पलीकडे, तळ्यातल्या उंचवट्यावर, शेकाट्यांची अकरा घरटी आहेत. तीन आठवडे मामांच्या मागे लागले होते. आज ते विरघळले. "दहा मिनिटं हं. आणि ताई, कशालाही हात लावायचा नाही."

"अहो मामा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" म्हटलं.

पाणी उतरलं होतं. नव्या रबरी बुटांनी चिखल तुडवत गेले. ठसे बघून हसूच आलं, हत्तीण गेल्यासारखे. सगळ्यात खालचं घरटं अगदी पाण्याच्या काठाला. चार अंडी, चिखलाच्याच रंगाची. शेकाटी लांब गुलाबी पाय दुमडून बसली की ती जी काही दिसते, ती लिहिता येत नाही. कॅमेरा स्टँडवर लावला आणि दर चार सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं करून ठेवलं. पाखराला आवाजाची सवय होते आणि आपल्याला बाजूला बसता येतं.

पण घरट्याला लागूनच एक काठी रोवलेली. तिच्यावर लाल पट्टा, तोही गबाळा रंगवलेला. कुठूनही बघा, काठी मधेच. शेकाटीच्या पाठीतून उगवल्यासारखी दिसायची. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? साखळी काढा, अंगठी काढा, केसांतल्या पिना काढा. नको ते आधी बाजूला करायचं, मगच बटण दाबायचं. हात आपोआप गेला. काठी उपटली आणि चार पावलं वर, चौकटीच्या बाहेर, चांगली घट्ट रोवून ठेवली. फेकून नाही दिली. घरट्यांचा नंबर-बिंबर असेल, तो वरूनही दिसतोच की.

शेकाटी उडाली होती, ती पाच मिनिटांत परत येऊन बसली. मोकळं पाणी, मोकळा चिखल, आणि ती. मी माझ्याच मनात म्हटलं, श्वास घ्या, रोखा. आणि मिळाला.

७ एप्रिल, सोमवार

फोटो संगणकावर घेतले. हे चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. "आधीच्यांत ती काठी होती. इथे नाही."

"काढली मी."

"अस्सं." यांचं 'अस्सं' मला चौतीस वर्षांत कधी आवडलेलं नाही. लग्नाला अडतीस झाली, पण पहिली चार आवडायचं.

फोटो साहेबांना पाठवून दिला.

११ एप्रिल, शुक्रवार

निवडला! साहेबांचा स्वतः फोन आला. भिंतीवर मधोमध, दारातून शिरल्याबरोबर दिसेल असा, सहा फूट रुंद. "एकदम स्वच्छ फोटो आहे, मॅडम," म्हणाले. मी तीनदा "खरंच?" विचारलं. मग बाल्कनीत जाऊन एकटीच नाचले. शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिनं न पाहिल्यासारखं केलं. चांगली बाई आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

दहाला पोचले. उंचवट्याजवळ साहेब, दोन कर्मचारी आणि मामा गुडघाभर पाण्यात उभे. वर शेकाट्या नुसत्या घिरट्या घालत ओरडत होत्या. काही तर पाण्यातच उभ्या होत्या, जिथं घरटं होतं तिथं, जागा न सोडता. काल पौर्णिमेचं उधाण होतं. पाणी उंचवट्यावर चढलं. अकरापैकी नऊ घरटी गेली. कडेला एक अंडं तरंगत होतं. साहेब म्हणाले, अंडं असं तरंगायला लागतं म्हणजे आतलं पिल्लू बाहेर यायच्या बेतात असतं.

मग ती काठी काय आहे ते कळलं. मला आज कळलं, सगळं झाल्यावर. दर वर्षी मामा ती सगळ्यात खालच्या घरट्याशी रोवतात. उधाणाला तळ्यात पाणी घ्यावंच लागतं, नाहीतर चिखल वाळतो आणि पिल्लांना खायला काही उरत नाही. मामा चाकापाशी उभे राहून दुर्बिणीतून लाल पट्टा बघतात. पाणी पट्ट्याला टेकलं की दार बंद. काल त्यांनी तेच केलं. पट्टा कोरडा दिसत होता, म्हणून पाणी येऊ दिलं.

साहेब आणि मामा वर, पाणी न पोचलेल्या चिखलात रोवलेल्या काठीपाशी गेले. साहेबांनी तिला हात लावला. "ही खालच्या घरट्याशी असते ना?"

"तिथंच लावली होती साहेब."

"मग ती काय पाय फुटून वर गेली?"

मामा काठीच्या बुंध्याजवळचा चिखल पायानं इकडून तिकडे सारत राहिले. पायानं सारवत होते, खाली बघत. फार ओशाळले असावेत बिचारे.

मी दोरीच्या अलीकडे होते. बारा-पंधरा पावलांवर. साहेब मला म्हणाले, "मॅडम, आलाच आहात तर या नुकसानीचे फोटो काढून ठेवा." आणि मी काढले. सव्वीस फोटो काढले.

१५ एप्रिल, मंगळवार

झोप नाही. शांत डोक्यानं विचार केला, तो असा. मी खरं सांगितलं तर पहिला प्रश्न येणार की दोरीच्या पलीकडे हिला सोडलं कोणी? म्हणजे मामांवर आणखी एक ठपका. म्हणजे मी बोलले तर त्यांचंच वाकडं होणार. त्यापेक्षा साहेब दोन दिवस ओरडतील आणि विसरतील. बावीस वर्षांचा माणूस आहे, त्याला कोण काय करणार? मामांच्या भल्यासाठीच गप्प राहिलेलं बरं.

हे लिहून झाल्यावर वाचलं. पटतंय. तरी सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतेय.

१७ एप्रिल, गुरुवार

मामांना भेटून आले. संत्री नेली होती. दवाखान्यात पेशंटला नेतात तशी संत्री का नेली, देव जाणे. ते चाकाला वंगण लावत होते. थोडा वेळ हवेपाण्यावर बोललो. मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही उंचवट्यावर गेला होतात. सगळे फोटो आहेत ना तुमच्याकडे? पहिल्यापासूनचे?"

मी म्हटलं, "नाही हो मामा, एकच ठेवला. बाकीचे पुसून टाकले. जागा राहत नाही."

"अच्छा," म्हणाले. संत्री मात्र त्यांनी घेतली नाहीत. आंबट चालत नाही म्हणाले. फोटोंत एवढा रस त्यांना कधीपासून, कोण जाणे. मन रमवत असतील.

खोटं किती सहज निघालं माझ्या तोंडून. सगळे फोटो आहेत. दोनशे सहा.

२१ एप्रिल, सोमवार

साहेबांनी बोलावलं होतं. चौकशी लावली आहे. मला वाटलं होतं विसरतील. टेबलावर जाड फाईल. नऊ वर्षांपूर्वी मामा एकदा पिऊन चाकापाशी झोपले होते, तेव्हाची लेखी ताकीद तिच्यात आहे. त्यानंतर त्यांनी थेंबाला शिवलेलं नाही, हेही साहेबच म्हणाले. "पण सवयच ती. कधी उसळेल सांगता येत नाही. काठी चुकीच्या जागी रोवतो माणूस, याचा दुसरा अर्थ काय?"

मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या आठवड्यात इथेच फिरत होता. तुम्हाला मामा ठीक वाटले?"

"हो, अगदी ठीक होते," मी म्हटलं. हे तरी खरं सांगितलं.

"आणि काठी? कुठे होती, आठवतं?"

खिडकीबाहेर एक कर्मचारी झाडलोट करत होता. तो तीच जागा पुन्हा पुन्हा झाडत होता. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. 'काठीकडे माझे लक्ष नव्हते.' खाली सही करा म्हणाले. केली. एरवी माझी सही कोणाला वाचता येत नाही. आज कशी कोण जाणे, अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं.

निघताना मामा फाटकापाशी होते. विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"काही नाही, असंच."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मामा चांगले आहेत." ते मान हलवत राहिले. मी बस चुकेल म्हणून पळाले. बसला पंचवीस मिनिटं होती.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज यांच्याशी कडाक्याचं भांडण. गेले दहा दिवस मी घरात कशी वावरतेय, ते दिसत असणारच. दुपारी बघते तर हे संगणकासमोर.

"एकशे बारामध्ये काठी खाली आहे," हे म्हणाले. "एकशे तेरामध्ये तुझा हात आहे. कोपरापर्यंत. घड्याळासकट."

कॅमेरा दर चार सेकंदांनी काढत होता, हे मी विसरलेच होते. विसरले नव्हते. बघितलं नव्हतं.

मी ओरडले. माझ्या वस्तूंना हात का लावता, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का, आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी भिंतीवर लागतंय ते तुम्हाला बघवत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं होतं. मग यांनी उंदीर माझ्याकडे सरकवला, संगणकाचा, आणि म्हणाले, "मग पुसून टाक."

"काय?"

"एकशे तेरा. पुसून टाक. प्रश्नच मिटला. तू मामांना तसं सांगितलंच आहेस ना? झोपेत बडबडत होतीस."

चेष्टा नव्हती त्यात. मी खुर्चीत बसले, बोट बटणावर ठेवलं. किती वेळ बसले माहीत नाही. पुसता आलं नाही. उठून साहेबांना फोन लावावा, तर तेही झालं नाही. हे चहा करून घेऊन आले. कप ठेवला आणि काही न बोलता बाहेर फिरायला गेले. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल, सोमवार

ठरलं. मामांना तीस तारखेनंतर चाकावरून काढणार. नुसतं चाकावरून नाही, कामावरूनच. त्याच दिवशी माहिती केंद्राचं उद्घाटन आहे. आता मात्र सांगायलाच हवं. उद्घाटनाच्या आधी साहेबांना एका बाजूला घेऊन सांगेन. शब्दही ठरवले आहेत. "साहेब, एक गोष्ट राहिली." एवढं म्हटलं की पुढचं आपोआप निघेल.

३० एप्रिल, बुधवार

नाही निघालं.

मी गेले तेव्हा मामा शिडीवर होते. माझा फोटो भिंतीवर चढवायचं काम त्यांनाच दिलेलं. शेवटचा दिवस, म्हणजे माणसाचा पुरेपूर उपयोग करून घेतला! चौकट नीट बसवून ते खाली उतरले, चार पावलं मागे आले आणि बघत राहिले. बराच वेळ. सहा फुटांच्या फोटोत सगळंच स्पष्ट दिसतं. अंडी, पाण्याचा काठ, चिखलात काठीचं गोल भोकसुद्धा. मला ते आजवर दिसलंच नव्हतं.

"मोकळा आलाय फोटो," मामा म्हणाले.

"आवडला?" मी विचारलं. ते हो म्हणाले. मला जरा धीर आला. त्यांच्या लक्षात काही आलेलं नाही, एवढं तरी बरं.

साहेबांभोवती माणसांचा गराडा होता. एक गोष्ट राहिली, हे शब्द तोंडात घेऊन मी तासभर त्यांच्यामागे फिरले. मग मलाच पुढे बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले. टाळ्या. मी काय बोलले असेन? संयमाबद्दल बोलले. पाखरांना त्रास न देता फोटो कसा काढावा, यावर बोलले! आणि शेवटी, "भरतीमामांच्या मदतीशिवाय हा फोटो झाला नसता." पुन्हा टाळ्या. मामा अगदी मागे, दाराजवळ, शिडीला हात लावून उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. एका हातात शिडी होती म्हणा.

सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. खिशातून चाकाच्या खोलीची किल्ली काढून हातात धरलेली, साहेबांना द्यायला निघाले होते. म्हणाले, "ताई, तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आले, हलू नका. तशी उभी राहिले.

"तब्येतीला जपा, मामा," मी म्हटलं.

२ मे, शुक्रवार

कॅमेरा घेतला नाही, तरी तिकडेच गेले. घरात यांच्या समोर बसवत नाही.

बांधावर दहा-बारा माणसं पाखरं बघत होती. त्यांत मामा. दोरीच्या अलीकडे, आमच्यासारखे, हात पाठीमागे बांधून. भरती चढत होती. चाकापाशी नवा माणूस उभा होता, मोबाइल बघत. मामांचे हात मागे एकमेकांत गुंतलेले, आणि मनगटं हलत होती. इकडे थोडी, तिकडे थोडी. चाक फिरवावं तशी. त्यांना ते कळतही नसावं.

मी तशीच मागे फिरले आणि साहेबांच्या खोलीत शिरले. ते जेवत होते. "साहेब, काठी मी हलवली," असंच सुरू केलं. ठरवलेले शब्द आठवलेच नाहीत. सगळं सांगितलं. दोरी मीच ओलांडायचा हट्ट धरला, मामांनी हात लावू नका सांगितलं होतं, मी लावला. फोटोंचं कार्ड टेबलावर ठेवलं. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा.

साहेबांनी डबा बंद केला. तिन्ही फोटो बघितले. मग फाईल काढून माझी सही माझ्यापुढे धरली. "हे काय होतं, मॅडम?"

"खोटं होतं."

"त्या माणसाला मी काय काय बोललो, तुम्हाला माहीत आहे का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. नवा जबाब लिहून घेतला. फोटो भिंतीवरून उतरवणार. मला वर्षभर अभयारण्यात बंदी. मामांना सोमवारपासून परत घेणार, पण दोरीबद्दलची ताकीद त्यांना मिळणारच.

बाहेर आले. पायरीवर बसून रडले. पण लिहायलाच हवं, की हलकं वाटलं. घरी येऊन यांना सांगितलं. यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रात्री नीट जेवले. मला वाटतं, संपलं.

५ मे, सोमवार

बंदी म्हणून फाटकाबाहेरच थांबले. मामांना निरोप पाठवला, ते आले. हाताला पुन्हा वंगण लागलेलं. माफी मागितली. त्यांनी मध्येच थांबवलं नाही, सगळी मागू दिली.

"मला माहीत होतं," म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. काठीच्या बुडाशी तुमच्या बुटांचे ठसे होते. नवे बूट, तशी नक्षी इथं कोणाच्या बुटाला नाही. साहेब बघतील म्हणून पायानं मोडले."

"का पण? तेव्हाच सांगायचं नाही का?"

"मी सांगून कोणी मानलं असतं? दारुडा माणूस, आता बाईमाणसावर ढकलतोय म्हणाले असते. आणि तुम्हाला मी सोडलं होतं पलीकडे. मला वाटलं, ताई आज सांगतील. उद्या सांगतील. विचारत होतो की मी. अजून कसं विचारायचं?"

वहीची मागची पानं आत्ता चाळली. सतरा, एकवीस, तीस. दर वेळी त्यांनी विचारलंय आणि दर वेळी ते मीच माझ्या अक्षरात उतरवून ठेवलंय. वर आणखी, मन रमवत असतील!

मी म्हटलं, "आता सगळं नीट झालं ना, मामा? काम मिळालं परत."

"काम मिळालं." हाताचं वंगण त्यांनी विजारीला पुसलं. "घरी बोलणं बंद आहे. तीन आठवडे. तिला वाटतं, मी पुन्हा सुरू केली होती."

"पण आता कळलं असेल ना त्यांना? तुम्ही सांगितलं असेल."

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय, मॅडम," ते म्हणाले. "माझ्या सांगण्यानं काय होतंय?" भरतीची वेळ झाली म्हणून ते गेले.

मॅडम म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

६ मे, मंगळवार

आज त्यांच्या घरी जाऊन आले. एका रांगेत आठ दारं आहेत, त्यातलं शेवटचं. मामी खिडकीशी मशीनवर पिशव्या शिवत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी कापडाचा ढीग सरकवून मला जागा करून दिली. पाण्याचा पेला समोर ठेवला आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या.

मी सांगायला लागले. काठी कोणी हलवली, का हलवली, नंतर खोटी सही कशी केली. सुरुवातीला मशीन चालू होतं. 'मामांनी काठी बरोबर जागीच लावली होती' म्हटलं, तेव्हा थांबलं. मी शेवटपर्यंत सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत बसले. मला शिव्या हव्याच होत्या.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. सुईखालच्या अर्धवट शिवलेल्या पिशवीकडे बघत होत्या.

"म्हणजे ते प्याले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही. थेंबसुद्धा नाही."

"मला म्हणाले होते. पहिल्याच दिवशी. तुझ्या गळ्याची शपथ, म्हणाले. मी म्हटलं, गळ्याची शपथ नऊ वर्षांपूर्वीही घेतली होती." त्यांनी पिशवीची शिवण बोटानं दाबून बघितली. "त्या उधाणापासून, तीन आठवडे, रोज संध्याकाळी दारातच उभं करते मी त्यांना. आत येण्याआधी. तोंड उघडा म्हणते, आणि वास घेते. साठीला आलेला माणूस. रोज मुकाट्यानं तोंड उघडतात."

मी म्हटलं, "चूक माझी आहे, मामी. तुमची नाही."

"तुमची तुम्ही सांगून मोकळ्या झालात." रागानं नाही म्हणाल्या. मग पदरानं चेहरा पुसला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "आता साडेसहाला ते येतील. दारात येऊन थांबतील. सवय झालीय त्यांना, आपणहून तोंड उघडतात. मी काय म्हणू त्यांना? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा. मी काय म्हणू?"

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ते यायच्या आत मी उठून निघून आले.